काळसेनाच्या वकिलास

बिरू, काळसेन मेला. रविवारी शेवटचा भाग आला आणि त्यात तो मेला. तू असतास तर खोक्यावरून उठून माझ्याकडे बोट करून म्हणाला असतास, "बघ शेठ, बघ. सांगत हुतो का न्हाई?" तू नव्हतास. तुझं ते लाकडी खोकं रिकामं होतं. त्यावर दुसरं कुणी बसू नये म्हणून मी बेदाण्याचं पोतं ठेवलं होतं. मग त्या पोत्याकडे बघूनच माझं डोकं फिरायला लागलं, म्हणून तेही उचलून बाजूला टाकलं.

गेलेल्या माणसाबद्दल लोक चांगलं बोलतात. मी सगळंच चांगलं बोलणार नाही. तुझ्यावर माझा राग आहे आणि तू गेलास म्हणून तो संपलेला नाही. उलट आता त्याचं करायचं काय तेच कळत नाही. भांडायला समोर माणूस लागतो, आणि तो माणूसच तू उचलून नेलास.

आपली ओळख आटपाडीच्या मेंढीबाजारातली. मी तेव्हा तासगावात द्राक्षाच्या पेट्या उचलायचो आणि बाजाराच्या दिवशी इकडची बकरी तिकडे विकायचो. तुझं घर पिढ्यान्‌पिढ्या मेंढरांमागं चालणारं. तू चालणं सोडून बाजारात मध्यस्थ झाला होतास. त्या दिवशी मी एका म्हाताऱ्या धनगराशी भावावरून हुज्जत घालत होतो आणि माझा आवाज सगळ्या बाजाराला ऐकू जात होता. तू मागून आलास, खांद्यावरचा टॉवेल काढून माझ्या हातावर टाकलास आणि म्हणालास, "वरडून मेंढरू मोठं हुतंय व्हय, गड्या? तोंड मिट आन हात दे."

टॉवेलाखालचा सौदा मी तोवर लांबूनच पाहिला होता. टॉवेलाखाली एकमेकांची बोटं धरायची, बोटांनीच आकडा सांगायचा, पटला तर मूठ दाबायची. बाहेरच्याला काही दिसत नाही, आणि टॉवेलाखाली जे झालं ते बाहेर काढायचं नाही. तू एका हाताने म्हाताऱ्याशी बोललास, दुसऱ्या हाताने माझ्याशी, आणि सगळा वेळ तोंडाने पाऊसपाण्याच्या गप्पा मारत होतास. सौदा झाला तेव्हा म्हातारा हसत होता आणि मीही हसत होतो. दोघांनाही आपण जिंकलो असं वाटलं. ही तुझी करामत होती.

पुढे आपली एक खूण ठरली. ती बाजाराची नव्हती, आपल्या दोघांची होती. तळहातावर नख ओढलं की समजायचं, इथून उठ, इथं काहीतरी काळंबेरं आहे. तुझ्या त्या एका नखाने मला किती फसवणुकींतून वाचवलं ते मी विसरलेलो नाही. मी बेदाण्यात शिरलो, शेड टाकली, लोक मला शेठ म्हणायला लागले. तू मात्र चारचौघांत शेठ म्हणायचास आणि एकटा असलो की "शाम्या".

माझी मनीषा लहान असताना तुझ्या मांडीवर बसून ती बोटांची भाषा शिकली. तुझ्या टॉवेलाखाली तिचा इवलासा हात असायचा. तिच्या आईला ती सांगायची, "मी आज बिरूकाकाकडून हत्ती घेतला." तुझी वहिनी म्हणायची, "भावजी, पोरगीला शाळंत घालायची हाय, बाजारात न्हाई." तू म्हणायचास, "आवं वहिनी, शाळा वरचं शिकवती, खालचं कोण शिकवणार?"

बाजारात ज्याचा शब्द चालतो त्याला लोक सोयरिकीतही घेतात. तू बसलास की दोन्हीकडचे निर्धास्त व्हायचे. म्हणून मनीषाचं जमवायची वेळ आली तेव्हा मी दुसऱ्या कुणाकडे गेलो नाही. तूच उंब्रजचं ते स्थळ आणलंस. बागायती ऊस, घरात फौजेतली माणसं, मुलगा शिकलेला. मनीषाने तिची शिरवळच्या कारखान्यातली नवी नोकरी सोडावी, एवढीच त्यांची अट होती. ती हो म्हणाली. मी विचारलं तेव्हा मान हलवून हो म्हणाली.

साखरपुड्याच्या दिवशी माझ्या दारात मांडव होता. पेट्या उचलणाऱ्या शामरावच्या दारात बागायतदारांच्या गाड्या उभ्या होत्या. त्या दिवशी मी किती ताठ चाललो असेन ते तूच पाहिलंस. मनीषा एकेका मोठ्या माणसाच्या पाया पडत होती. तुझ्या पायाशी वाकली, तू तिचे हात धरून तिला उठवलंस, तिचा पदर हातांवर पडला आणि तू ते हात जरा जास्तच वेळ धरून ठेवलेस. मला वाटलं तुझा गळा भरून आला.

मग तू उभा राहिलास. "पावणं, माफी करा. ही सोयरीक मी आणली, मीच मोडतो."

मुलाचा मामा हसला. त्याला वाटलं चेष्टा आहे. "बिरूदा, सकाळधरनं चहा जास्त झाला काय?"

"चेष्टा न्हाई. हितनं उठायचं."

"का? आमच्यात काय खोट हाय?"

"तुमच्यात न्हाई. माझ्या मनाला पटत न्हाई."

बिरू, एवढंच. सगळ्या भावकीसमोर, पुड्याची साखर ताटात असताना, माझ्या बाजूने बसलेल्या माणसाने माझ्या मुलीचं ठरलेलं मोडलं आणि कारण सांगितलं नाही. पाहुणे न जेवता गेले. मी अंगणात तुझी कॉलर धरली. "कुणाचं खाल्लंस? कुणी शिकवलं तुला?" तू एवढंच म्हणालास, "सोड शाम. सदरा फाटंल." मी सोडला नाही आणि तो फाटला.

लोकांनी त्यांच्या त्यांच्या गोष्टी तयार केल्या. कुणी म्हणालं तुला त्या घरात तुझ्या नात्यातली पोरगी द्यायची होती, कुणी म्हणालं माझं वर चढणं तुला बघवलं नाही. मी कुठली खोडून काढली नाही. मलाही त्यांतली एखादी खरी वाटत होती. तुझं नाव पडलं "ऐनवेळचा बिरू". सोयरिकीला तुला कुणी बोलवेना. पुढे बाजारातही लोक म्हणायला लागले, ह्याला मध्ये घेऊ नका, हा ऐन वेळी उठतो. तुझ्याकडे जमीन नव्हती, कळप नव्हता. तुझ्याजवळ तुझा शब्द होता, तोच गेला.

आणि तरी काही महिन्यांनी एका रविवारी दुपारी तू शेडवर आलास. बेदाण्याचे सौदे बंद, निवडणाऱ्या बायका सुटीवर, मी एकटा टीव्हीसमोर. तू दारात चपला काढल्यास, खोकं ओढलंस, बसलास आणि म्हणालास, "लाव की. थांबवलंस कशाला?"

मी तुला हाकलायला हवं होतं. मी "नऊ बुरूज" लावलं.

ज्यांनी ती मालिका पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो. डोंगरावर एक किल्ला, त्याला नऊ बुरूज, प्रत्येक बुरुजाच्या पोटात एक अग्निगरुड झोपलेला. राणी वज्राने हाक दिली की तो उठतो आणि खाली जे असेल ते जाळतो. काळसेन हा तिचा सेनापती. म्हाताऱ्या राजाने त्याला भिकाऱ्यांच्या पंगतीतून उचलून मोठं केलेलं. पहिल्या पर्वाच्या शेवटी जेवणावळ चाललेली असते, राणी स्वतःच्या हाताने काळसेनाला वाढते, तो जेवतो, हात धुतो, खाली जातो आणि शत्रूला दरवाजा उघडून देतो.

मी चहाचा ग्लास भिंतीवर फेकला. "हरामखोर! हात वाळायच्या आत?"

तू काचा गोळा करत म्हणालास, "उघडला नसता तर राणीनं गरुड उठवला असता. खालची पेठ जळाली असती, पोराबाळांसकट."

"मग राणीला सांगायचं हुतं!"

"राणीनं ऐकलं असतं व्हय?"

 आपण कशाबद्दल भांडतोय ते मला कळत होतं आणि तुलाही कळत होतं. त्या रविवारपासून मी तुला काळसेनाचा वकील म्हणायला लागलो. आपण साखरपुड्याचा विषय पुन्हा कधी काढला नाही, कारण तो दर रविवारी निघतच होता.

ती मालिका वाईट होती, बिरू. म्हणजे चांगली होती, पण माणसाला वाईट सवय लावणारी. आज ज्याच्यावर जीव लावावा तो उद्या कुणाच्या तरी पाठीत सुरा खुपसायचा. ज्याला शिव्या घातल्या तो पुढच्या भागात कुणाचं तरी पोर आगीतून काढायचा. राणीने दूधभावाला विष घातलं तेव्हा मी तिची बाजू घेतली, तर तू खोक्यावर उसळलास.

"तुझी राणी इख घालती ते चालतंय, आन माझ्या काळसेनानं नुसती कडी काढली तर गद्दार?"

"राणीला राज्य चालवायचं असतंय."

"त्येला बी कायतरी चालवायचं आसंल की."

"काय? सांग ना. काय चालवायचं हुतं त्येला?"

"ते त्येला म्हाईत." आणि तू बेदाण्याचा बकाणा तोंडात टाकायचास, म्हणजे बोलायला नको.

ती सोयरीक मोडल्यावर मनीषाने शिरवळची ती नोकरी धरून ठेवली. मी रागातच म्हणालो होतो, जा कुठं जायचं तिकडं. पुढे तिथल्याच एका चांगल्या मुलाशी तिचं जमलं. तोवर माझा ताठा उतरला होता, मी लग्न लावून दिलं. त्या लग्नात तू शेवटच्या पंगतीला जेवलास. मी वाढायला आलो नाही. तू मनीषाच्या डोक्यावर अक्षता टाकून, कुणाशी न बोलता, एसटीने गेलास. आणि दुसऱ्या रविवारी खोक्यावर हजर. "लाव की."

मग तुझ्या छातीने दगा दिला. सांगलीच्या दवाखान्यात मी आलो तेव्हा तुझी कारभारीण शेवंतावहिनी दाराशी बसली होती. नाकात नळी असलेल्या माणसाने माझ्याकडे पाहून पहिलं काय विचारावं? "काळसेनाचं काय झालं रं?"

"शेवटचा भाग म्होरच्या रविवारी हाय. तवर बरा हो."

तू पांघरुणाखाली माझा हात धरलास. मी वाकून हळूच म्हणालो, "बिरू, आता तरी सांग. का मोडलंस?" तुझी बोटं माझ्या बोटांवर थोडी फिरली. मी आकडा वाचायला गेलो, पण आकडा नव्हता. तू मूठ दाबलीस. सौदा पक्का. कुठला सौदा, बिरू? मी तुला कधी काय देऊ केलं होतं?

रविवारपर्यंत तू थांबला नाहीस.

तुझ्या दहाव्यासाठी मनीषा शिरवळहून आली होती. ती रविवारी दुपारी शेडवर आली, म्हणाली, "अप्पा, एकटे बघू नका." आम्ही दोघांनी बघितलं. काळसेन जखमी होऊन बुरुजाखाली पडलेला. राणी त्याच्यापाशी गुडघ्यावर बसते. तोवर तिला कळलेलं असतं की शत्रूच्या छावणीत काळसेनाचा सख्खा भाऊ कैदेत होता आणि दरवाजाच्या बदल्यात तो सुटणार होता. ती विचारते, पेठ वाचवायची होती की भाऊ? काळसेन हसतो. आणि मरतो. उत्तर देत नाही.

म्हणजे निकाल लागलाच नाही, गड्या. तूही जिंकला नाहीस आणि मीही नाही. मी टीव्हीला शिवी देणार, तेवढ्यात मनीषा रडायला लागली. मालिकेसाठी कुणी इतकं रडत नाही.

"अप्पा, ते मी मोडलं होतं."

"काय?"

"काकांच्या पाया पडले तेव्हा पदर हातावर आला. मी त्यांच्या तळहातावर नख ओढलं, लहानपणी त्यांनीच शिकवलं होतं तसं. मला हो म्हणायला लावलं होतं असं नाही, मीच हो म्हणाले होते. पण त्या मांडवात मला श्वास घेता येईना. मला वाटलं, काका तुम्हाला बाजूला घेऊन सांगतील. ते तिथंच उठले."

"आणि नंतर? मी त्याचा सदरा फाडला तेव्हा?"

"मी विचारलं होतं त्यांना, सांगू का म्हणून. ते म्हणाले, आत्ता न्हाई. तुझ्या बाचा राग माझ्यावर हाय तवर तिथंच राहू दे. तुझ्याकडं वळला तर तुझी नोकरी बी जाईल आन तू बी." तिने डोळे पुसले. "लग्न झाल्यावर मी परत विचारलं. तर म्हणाले, आता कशाला? आता तो आन मी रविवारी भांडतोय, बरं चाललंय."

बरं चाललंय. बिरू, तू असं म्हणालास!

मी तिच्यावर ओरडलो नाही. तुला खरं वाटणार नाही, पण नाही ओरडलो. खोक्याकडे बघत बसलो. राणीने ऐकलं असतं व्हय, असं तू विचारलं होतंस. तो प्रश्न तू काचा गोळा करता करता मला विचारला होतास आणि मी त्याला वकिली सबब समजून सोडून दिलं होतं.

तेराव्याला तुझ्या दारात माणसं जमली. जेवणाआधी कुणी कुणी तुझ्याबद्दल दोन शब्द बोलले. मेंढरांची पारख, गोड गळा, असलंच सगळं. सोयरिकीबद्दल सगळ्यांनी हात राखून. मला कुणी बोलायला सांगितलं नव्हतं. सांगणार कोण? मी उठलो तेव्हा शेवंतावहिनीने पदर तोंडाला लावला. तिला वाटलं, हा आज मेलेल्यालाही सोडणार नाही.

मी तोंड उघडायच्या आत मनीषा माझ्याशेजारी येऊन उभी राहिली. "अप्पा, मी सांगते. माझं आहे." आणि तिने सांगितलं. पदर, हात, नख. आडपडदा न ठेवता, आपलं नाव घेऊन.

मी एवढंच जोडलं, "बिरूनं शब्द मोडला न्हाई. माझी सोयरीक मोडली, शब्द पाळला."

 मग एक शहरात नोकरी करणारा पोरगा म्हणाला, "पण मग त्यांनी तेव्हाच का नाही सांगितलं? सगळ्यांचा गैरसमज तरी टळला असता."

मागं भिंतीला टेकून आटपाडीकडचे म्हातारे बसले होते. त्यातला एक काठी आपटून ओरडला, "आरं, टॉवेलाखालचं सांगत्यात व्हय?"

आणि ते सगळे म्हातारे माना हलवायला लागले. त्या एका वाक्याने झालं, बिरू. जो म्हातारा बाजारात तुला मध्ये घेऊ नका म्हणायचा, तो उठून नळावर तोंड धुवायला गेला आणि बराच वेळ परत आला नाही. त्या दुपारी जेवताना मी "ऐनवेळचा" हा शब्द ऐकला नाही. लोक नुसतं बिरू म्हणत होते.

आता तुला वाटेल, शाम्याचा राग गेला. नाही गेला. रागाची जागा बदलली फक्त.

तू माझ्या हातात हात घालून आयुष्यभर सौदे केलेस. समोरच्याला आकडा विचारल्याशिवाय त्याचा आकडा ठरवायचा नाही, हे मला तूच शिकवलंस. आणि माझा आकडा तू मला न विचारता ठरवलास. हा ऐकणार नाही, हा पोरीचं वाटोळं करेल, ह्याला सांगण्यात अर्थ नाही. कदाचित खरंच ऐकलं नसतं. पण ऐकायचं की नाही ते माझं होतं. ते तू माझ्याकडून काढून घेतलंस आणि त्याची किंमत स्वतः भरलीस, म्हणजे मला भांडायलाही तोंड ठेवलं नाहीस. तू माझ्या मुलीशी इमान राखलंस. माझ्याशी नाही राखलंस. दोन्ही खरं आहे, आणि मी यातलं एकही सोडणार नाही.

काल मनीषा परत शिरवळला गेली. जाताना दारात माझ्याशी कशावरून तरी हसली, मोठ्याने, डोकं मागं टाकून. त्या मांडवातून ती उंब्रजला गेली असती तर हे हसू कुठल्या घरात असतं, असतं की नसतं, कोण जाणे. ते तुझं देणं आहे. हे लिहितानाही मला ते बोलायला जड जातंय, म्हणून एकदाच बोलतो.

शेवंतावहिनीने तुझा टॉवेल मला दिला. म्हणाली, "भावजी, तुमीच घ्या. पोरं गाडी पुसायला वापरतील." अजून त्याला मेंढरांचा वास आहे. आज दुपारी शेडमध्ये कुणी नव्हतं. मी तुझ्या खोक्यासमोर बसलो आणि टॉवेल हातांवर टाकला. खाली माझा उजवा हात, आणि समोर डावा. म्हटलं, चल, बोल, हा आपला एवढा एक सौदा राहिलाय, तुझी चूक किती आणि माझी किती, होऊन जाऊ दे. एक बोट धरलं, दोन धरली, सोडली, पुन्हा धरली. दोन्ही हात माझेच, बिरू. काही केल्या सौदा होईना.